कमी पळालेली की जास्त पळालेली? दोन जुन्या गाड्यांत अडकले आहे

काठावरची:
नमस्कार. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघतो. त्यामुळे गाडी दिसायला कशीही चालेल, पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे. नवी परवडणार नाही. दोन जुन्या पाहून आले. दोन्ही पेट्रोल, दोन्ही गिअरच्या, किंमतही जवळपास सारखीच.

एक २०११ ची हॅचबॅक, ६२ हजार किमी. एकच मालक, वयस्कर. अडीच वर्षं बहुतेक कव्हरखालीच आहे. आतून इतकी स्वच्छ की चपला काढून बसावंसं वाटलं. टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा) बदललाय का, असं विचारलं तर म्हणाले, "एवढी पळालीच कुठे?"

दुसरी २००९ ची सेडान, १ लाख ७८ हजार किमी. ऑइलपासून वायपरपर्यंत प्रत्येक बिल तारीखवार फायलीत. (माझी दहावीची गुणपत्रिका कुठे आहे ते मला ठाऊक नाही.) हिला बेल्ट नाही, चेन आहे. मागचा एक दरवाजा पुन्हा रंगवलाय, खड्ड्यात पुढून खडखडते, एसी नावापुरता.

घरात सगळे म्हणतात कमी किलोमीटरवाली घे. माझा जीव त्या फायलीत अडकलाय. चुकतेय का?

ग्रीसचे_हात:
नाही चुकत, ताई. मीटर फक्त चाकं किती फिरली ते सांगतो. बेल्ट, होज पाइप, बुश, सील हे सगळं रबर आहे, ते उभ्या गाडीतही म्हातारं होतं. म्हणून टायमिंग बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही मुदत असते, जी आधी संपेल ती धरायची. तिथे अजून मूळचाच बेल्ट असेल तर मुदत केव्हाच उलटली. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, मग हेडच, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बदलाल तर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. खोलायची मजुरी तीच.

टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी इतका जुना टायर मी आईला बसवून पळवणार नाही.

आणि इंजिन थंड असताना बघा. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, नमस्कार नंतर.

दुसरा_गिअर:
वरच्यांशी बरंचसं सहमत, पण फायलीच्या प्रेमात पडू नका. बिलावरून काम झालं एवढंच कळतं, कसं झालं ते नाही. क्लचचं बिल आहे का त्यात? चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. चेन आयुष्यभर पुरते हेही अर्धसत्य. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर ती सैल पडते, सुरू करताना खळखळते. रंगवलेल्या दाराच्या फटी दुसऱ्या बाजूच्या दाराशी ताडून बघा. बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर दार कधीतरी उतरवलं होतं.

उगाच_डोकावणारा:
अवांतर: आईंना बसवून पाहिलंत का? सेडान खाली बसकी असते. वडिलांना आमच्या गाडीतून उठवताना दोघांची दमछाक व्हायची.

काठावरची:
सगळ्यांचे आभार. डोकावलात ते बरंच केलंत, हे मला सुचलंच नव्हतं.

शनिवारी हॅचबॅककडे गेले तर बॉनेट चांगलंच कोमट. "सकाळी जरा फिरवली." बरं म्हटलं. रविवारी सकाळी सातलाच दारात उभी राहिले. बॅटरी मेलेली, दुसऱ्या गाडीला केबल लावून सुरू केली. सुरू होताच मागून निळसर धूर, पाच-सहा सेकंद, मग काही नाही. सोबत आलेला मेकॅनिक म्हणाला, ऑइल जळतंय, पण फक्त सुरुवातीला, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. चारही टायरवर शेवटचे आकडे ११. काका वाईट नव्हते हो, त्यांना खरंच वाटत होतं की न वापरलेली गाडी म्हणजे नवी गाडी.

सेडान थंडच होती, मालकाने मुद्दाम रात्रीपासून हलवली नव्हती. लगेच सुरू, खळखळ नाही. क्लच १ लाख ३१ हजारला बदललेला, बिल आहे. दाराच्या बोल्टवर ओरखडे आहेत. आम्ही विचारायच्या आतच तो म्हणाला, "गेटला घासली, पत्रा काढून ठोकला." पुढची खडखड स्टॅबिलायझर लिंकची (सस्पेन्शनमधली छोटी दांडी) निघाली, ते काम किरकोळ. एसी मात्र राम भरोसे. तेवढ्याचे पैसे कमी करून घेतले आणि इसार देऊन आले.

आईला बसवलं. बसली छान, उठताना मात्र माझ्या गळ्यात हात टाकावा लागला. सीटवर टणक गादी ठेवायचा विचार आहे. पण फार जाड झाली तर पट्टा पोटावर येईल का? कुणी वापरलीय का अशी?