मदत हवी आहे: यातली जाई कुठली, जुई कुठली? शुक्रवारी पाट्या रंगवायच्या आहेत

अबोली७
शाळेच्या बागेत नर्सरीतून आणलेली चार रोपं आहेत. बिलावर चारींपुढे नुसतं 'जस्मिन' लिहिलंय. चारींनाही पांढरी, वासाची फुलं येतात. शुक्रवारी पेंटरकडे पाट्या द्यायच्या आहेत, त्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कुल हवं. नर्सरीवाले म्हणतात, सगळं एकच आहे मॅडम. मला ते पटत नाही. सातवीची मुलं या पाट्या वाचून वहीत उतरवणार आहेत. जाई कोणती, जुई कोणती, चमेली कोणती? जरा लवकर सांगा.

रानवाटा
पानांबद्दल एक अक्षर नाही! वेल आहे की झुडूप? पानं समोरासमोर की एकाआड एक? एका देठावर किती? फोटो तरी टाका. पांढरी, वासाची फुलं एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकणार नाही.

सुरंगी
जाई आणि चमेली एकच, दोन पाट्या करू नका. जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. संस्कृतातली 'जाती' ती आपली जाई, 'यूथिका' ती जुई. चमेली हे हिंदीतून आलेलं नाव.

भाऊ_नगरकर
एकच कशी? आमच्या आजीच्या परसात जाई होती, शेजारी चमेली. दोन्ही वेगळ्या. जाईची कळी गुलाबी, चमेली पांढरीफटक.

सुरंगी
भाऊ, गुलाबी कळी ही ग्रँडिफ्लोरमचीच खूण. तुमच्या शेजारचा पांढराफटक वेल कुंद असेल, नाहीतर सायली. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं, म्हणून तर शास्त्रीय नाव लागतं.

भाऊ_नगरकर
सायली आम्हाला ओळखता येते, ताई. आजी रोज संध्याकाळी दोन्हीचे वेगळे गजरे करायची.

परसबाग
मोगऱ्याला भरपूर फुलं हवी असतील तर डिसेंबरात पाणी तोडा, पानं गळू द्या. जानेवारीत छाटणी करून मुळाशी शेणखत घाला. उन्हाळ्यात झाड लगडतं. मी दरवर्षी करतो.

अबोली७
छाटणीचं विचारलेलं नाही हो. आणि मोगरा मला ओळखता येतो, तो या चारांत नाही.
आत्ता बागेत जाऊन पाहिलं. फोन शाळेच्या कपाटात आहे, त्यामुळे फोटो उद्या.
१ : वेल. एका देठावर सात छोटी पानं, टोकाचं मोठं. कळीच्या बाहेरून गुलाबी छटा.
२ : वेल. फुलं बारीक, गुच्छात. पान एकच वाटतं.
३ : वेल. पान जाड, चकचकीत. फूल भिंगरीसारखं.
४ : झुडूप. कुंपणाला लावलंय.

रानवाटा
हे आधी लिहिलं असतंत तर! १ नंबर जाई, शंका नाही. २ नंबरची पानं पुन्हा बघा. मोठ्या पानाच्या बुडाशी, देठाला चिकटून, दोन इवली पानं आहेत का? कानाच्या पाळीएवढीच असतात, काही पानांवरून गळूनही जातात, म्हणून पान एकच वाटतं. असली तर जुई. जॅस्मिनम ऑरिक्युलॅटम या नावाचा अर्थच 'कान असलेली'.

वनस्पतीवेडा
रानवाटा यांच्याशी सहमत, पण पानावर थांबू नका. चारींचं एकेक फूल घ्या आणि नळी टाचणीने उभी चिरा. जॅस्मिनम असेल तर आत नळीला चिकटलेले दोनच पुंकेसर दिसतील. तीन नाहीत, पाच नाहीत, दोन. हे मुलांकडून करून घ्या, पाटीपेक्षा जास्त लक्षात राहील.
दोन पुंकेसरांचा हिशेब मोठा आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस याने याच हिशेबाने फुलांचे वर्ग पाडले होते. १७५३ साली त्याने मोगऱ्याला पारिजातकाच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवलं, निक्टॅन्थिस सॅम्बॅक म्हणून. १७८९ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एटनने तो जॅस्मिनममध्ये आणला. प्रजाती बदलली तरी कुल आज दोघांचं एकच, ऑलिएसी. आपण त्याला पारिजातक कुल म्हणतो. ऑलिव्हही त्यातलंच.

मालवणी_मुलुख
कुसर कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. सह्याद्रीत उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरून जाते, तीच रानमोगरा. जॅस्मिनम मलबारिकम. शाळेत तीही लावा, आपल्या मातीतली आहे. पाट्यांपेक्षा ते महत्त्वाचं.

भाऊ_नगरकर
पारिजातक आणि मोगरा एका कुळातले? पारिजातकाचं पान हाताला खरखरीत लागतं, फुलाचा देठ केशरी. काहीतरी घोळ आहे.

वनस्पतीवेडा
घोळ नाही, भाऊ. पारिजातकाचं फूल चिरा, दोनच पुंकेसर मिळतील. पानंही समोरासमोर. दिसणं वेगळं असलं तरी नातं आहे.

सुरंगी
४ नंबरचं काय? अबोली, पान चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा आला तर ती कुंती, कामिनीही म्हणतात. मुराया पॅनिक्युलाटा. इंग्रजीत तिला ऑरेंज जस्मिन म्हणतात, बिलावर नाव तिथून आलं असणार. फळं लाल होतात.

परसबाग
कुंतीला पावसाळ्यापूर्वी छाटलं तर कुंपण दाट होतं.

अबोली७
आज मुलांना घेऊन बसले. जाई आणि जुई, दोन्हींत दोन-दोन पुंकेसर. दुसऱ्याच्या पानाला कान आहेत! मुलं पानं उलटून उलटून कान शोधत होती. ४ नंबरचं पान चुरगाळल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, हे लिंबाचं झाड आहे." फुलात दहा पुंकेसर मोजले. ती रूटेसी कुलात, बरोबर ना?
३ नंबरला मात्र गडबड आहे. फुलात पाच पुंकेसर आहेत, आणि पान तोडलं तर देठातून पांढरा चीक निघाला, बोटाला चिकटला.

रानवाटा
चीक? मग ते जॅस्मिनम मुळीच नाही. जाई-जुईत चीक नसतो. मुलांना चीक डोळ्यांना लावू देऊ नका.

भाऊ_नगरकर
तगर असेल. तगरीलाही चीक येतो.

वनस्पतीवेडा
कुल तगरीचंच, अपोसायनेसी, पण तगर झुडूप असते, ही वेल आहे. भिंगरीसारखं फूल आणि जाड चकचकीत पान म्हणजे स्टार जस्मिन. ट्रॅकेलोस्पर्मम जॅस्मिनॉइडिस. नावाचा दुसरा शब्द म्हणजे 'जाईसारखी'. नाव देणाऱ्यालाही साम्य दिसलं होतं, पण त्याने तिला जाई म्हटलं नाही. रूटेसी बरोबर. लिंबाचं कुल असंही लिहा, मुलांना वासावरून कळेल.

सुरंगी
३ नंबरच्या पाटीवर मराठी नाव काय लिहिणार?

अबोली७
तेच विचारणार होते. 'जाई' लिहिणार नाही. 'चिकाची भिंगरी' असं एका मुलाने सुचवलंय, पण ते आम्ही ठेवलेलं नाव होईल. पाटीवर शास्त्रीय नाव आणि कुल लिहिते, मराठी नावाची जागा रिकामी ठेवते. पेंटरला उद्या अकरा वाजता देतेय. कुणाच्या गावात या वेलाला खरंच मराठी नाव असेल तर दहापर्यंत इथे लिहा.