नवलकर म्हणजे फक्त मंत्री नव्हे

कोणीतरी प्रमोद नवलकरांना १९९५ च्या शिवसेना-भाजप युती सरकारातले सांस्कृतिक मंत्री एवढ्यावरच उरकलंय, ते नाही पटलं. आम्हा गिरगावकरांसाठी ते आधी 'नवशक्ती' पेपरातले भटके, म्हणजे 'भटक्याची भ्रमंती' हे सदर लिहिणारे. वेषांतर करून रात्री-अपरात्री मुंबई पालथी घालायची आणि फूटपाथवर झोपणाऱ्यांचं, रात्रीच्या धंद्यांचं जे दिसेल ते लिहायचं, तेही वर्षानुवर्षं, राजकारण सांभाळून! आमच्या चाळीत पेपर एकच यायचा, बाबा कठड्याला टेकून ते सदर मोठ्याने वाचायचे आणि खालच्या मजल्यावरचे काका अर्धी दाढी तशीच ठेवून जिन्यात येऊन उभे राहायचे ऐकायला. रस्त्यावर उतरून शहर बघणारा नेता होता हो तो, २००७ ला गेले तेव्हा बाबा त्या दिवशी नीट जेवले पण नाहीत.