आधी जोडीदाराला विचारा

मिशनसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी, सहकुटुंब परदेशी जाण्याची चर्चा चाललीय. ‘लेकरं लहान आहेत तोवरच मिशनसाठी बाहेर पडा, ती भाषा पटकन उचलतात’ हे तिथलं एक मत मला अर्धंच पटतं. उचलतात, खरंय. पण या चर्चेत सगळं व्हिसा, देणगीदार आणि शाळा यांच्याभोवतीच चाललंय. जोडीदाराला मनापासून जायचंय का, हे कुणी विचारलेलंच दिसत नाही. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी आपल्याला माहीत असतात, त्यांच्या पत्नी डोरोथी नसतात. १७९३ मध्ये डोरोथींनी हिंदुस्थानात यायला आधी साफ नकार दिला होता. पोटात मूल होतं. प्रवास लांबला, तेवढ्यात बाळंतपण झालं, पुन्हा मनधरणी झाली आणि बहीण सोबत येणार असेल तरच, या अटीवर त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. डोरोथींचं मन ढासळलं ते १८०७ मध्ये त्या वारल्या तोवर सावरलं नाही. (केरींच्या गौरवात हे सहसा एका ओळीत उरकतात.)

म्हणून पाठवणाऱ्या संस्थेला सांगा, दोघांची मुलाखत वेगवेगळी घ्या. चर्चच्या अख्ख्या मंडळीसमोर, पाळकसाहेबांच्या शेजारी उभं राहून ‘मला नाही जायचं’ म्हणायची कुणाची छाती होणार? आणि मध्येच परतावं लागलं तर राहायचं कुठे, खायचं काय, हेही निघण्याआधीच बोलून घ्या.