अमेरिकेत मुलाच्या स्पीच थेरपीचा दावा विमा कंपनीने नाकारला आहे. अपील कसे करावे?

नीलांबरी:

नमस्कार. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सांगितलेले त्याला बहुतेक सगळे कळते, मात्र स्वतः बोलताना तो एकेका शब्दावर थांबतो आणि घराबाहेरच्या माणसांना तोही शब्द समजतोच असे नाही. बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून श्रवणचाचणी करून घेतली, ती व्यवस्थित आली. त्यानंतर स्पीच थेरपिस्टने मूल्यमापन करून आठवड्यातून दोनदा थेरपी सुचवली. मूल्यमापनाचे पैसे विमा कंपनीने दिले, परंतु थेरपीचे दावे मात्र एकामागून एक नाकारले. पत्रातील कारण असे आहे की ही सेवा विकासातील विलंबासाठी असून आजारामुळे किंवा दुखापतीमुळे गमावलेली वाचा परत मिळवण्यासाठी नाही, शिवाय ती शैक्षणिक स्वरूपाची आहे. फोन केला की दर वेळी नवा माणूस नवे उत्तर देतो. एकाने तर सरळ शाळेकडे जा म्हणून सांगितले.

विमा माझ्या यजमानांच्या नोकरीतून आहे. अपील करण्यात अर्थ असतो का, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, वकील करावा लागतो का आणि दरम्यानच्या काळात थेरपी चालू ठेवावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यवारा:

नीलांबरी, अपील जरूर करा. पहिल्या टप्प्याला वकिलाची गरज नसते. मी बरीच वर्षे नोकरदारांच्या विमा योजनांचे काम पाहिले आहे, त्यामुळे सर्वांत आधी एक गोष्ट शोधून काढायला सांगतो: तुमचा प्लॅन पूर्ण विमाधारित आहे की सेल्फ-फंडेड आहे? कार्डावर विमा कंपनीचे नाव असले, तरी मोठ्या नोकरदारांच्या बाबतीत पुष्कळदा उपचाराचा पैसा नोकरदाराच्याच खिशातून जातो आणि विमा कंपनी केवळ कारकुनी करते. फोनवरच्या प्रतिनिधीला हे ठाऊक असतेच असे नाही, म्हणून एचआरला लेखी विचारा.

या उत्तरावर पुढचे बरेच काही ठरते. व्यक्तिगत विमा आणि छोट्या नोकरदारांचे प्लॅन यांना २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टनुसार दहा प्रकारच्या अत्यावश्यक सेवा द्याव्याच लागतात आणि त्यांत हॅबिलिटेटिव्ह सेवा, म्हणजे मुलाने अजून न मिळवलेले कौशल्य त्याला मिळवून देणारी थेरपी, स्पष्टपणे येते. तशा प्लॅनने "गमावलेली वाचा नाही" हे कारण पुढे केले, तर ते फार काळ टिकू नये. मोठ्या नोकरदारांच्या प्लॅनवर मात्र ही सक्ती नाही. त्यातही सेल्फ-फंडेड प्लॅन १९७४ च्या एरिसा या नोकरदारांच्या लाभ योजनांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली चालतो आणि त्याला राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत. त्यामुळे राज्याच्या विमा आयुक्तांकडे तक्रार करून तिथे फारसे काही निघत नाही; तिथे केंद्रीय श्रम खात्याकडे दाद मागावी लागते.

दुसरे काम म्हणजे पूर्ण प्लॅन डॉक्युमेंट मागवणे. संकेतस्थळावर असते ती चार पानांची जाहिरात पुरत नाही. एरिसाखाली लेखी मागणी केल्यावर ते ३० दिवसांत द्यावे लागते. त्याचबरोबर तुमच्या दाव्याची संपूर्ण फाइल, नकारासाठी वापरलेला वैद्यकीय निकष आणि ज्या तज्ज्ञाचे मत घेतले त्याचे नाव हेही मागा. ते विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. "अपवर्जन", म्हणजे प्लॅनमधून वगळलेल्या सेवांच्या प्रकरणातील वाक्य नकाराच्या पत्रातल्या वाक्याशी शब्दाला शब्द ताडून पाहा. पत्र लिहिणाऱ्याने प्लॅनमध्ये नसलेली अट घातल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

मुदती अशा आहेत. नकार मिळाल्यापासून अंतर्गत अपिलासाठी १८० दिवस असतात. अजून न घेतलेल्या सेवेबाबतचा निर्णय ३० दिवसांत आणि झालेल्या सेवेबाबतचा ६० दिवसांत द्यावा लागतो. पहिला नकार देणाऱ्या माणसाने किंवा त्याच्या हाताखालच्या कोणी अपील तपासायचे नसते. तेही फेटाळले, तर अंतिम नकारापासून चार महिन्यांच्या आत बाह्य पुनरावलोकन मागता येते. तिथे विमा कंपनीशी संबंध नसलेले तज्ज्ञ निर्णय देतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो.

इथे एक खाचखळगा आहे. केंद्रीय पद्धतीत बाह्य पुनरावलोकन मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या प्रश्नांवर होते. "प्लॅनमध्ये ही सेवाच नाही" एवढेच कारण असेल, तर अर्ज दारातूनच परत येऊ शकतो. तुमच्या पत्रात मात्र "शैक्षणिक स्वरूपाची" असे म्हटले आहे. एखादी थेरपी वैद्यकीय की शैक्षणिक हे ठरवायला वैद्यकीय निर्णय लागतो. हे वाक्य त्यांनी लिहून दिले आहे हे तुमच्या पथ्यावरच पडले आहे. अपिलात त्याचा अवश्य उल्लेख करा.

रानजाई:

मी लहान मुलांसोबत काम करणारी स्पीच थेरपिस्ट आहे. वरचा प्रतिसाद उत्तम आहे, मी फक्त अहवालाबद्दल लिहिते, कारण अनेक अपिले तिथेच जिंकली किंवा हरली जातात.

ईओबी (दाव्यावर काय निर्णय झाला हे सांगणारे विमा कंपनीचे पत्रक) आणि दाव्याची प्रत समोर घेऊन निदानाचा कोड पाहा. तिथे आर६२.० असेल, तर त्याचा अर्थ केवळ "बालपणातील टप्पा उशिरा गाठणे" असा होतो आणि "विकासातील विलंब" हा शेरा बसायला तेवढे पुरते. अभिव्यक्तीतील भाषाविकार एफ८०.१, आकलन व अभिव्यक्ती दोन्हींतील एफ८०.२, उच्चारणाचा विकार एफ८०.० आणि वाचेचा अ‍ॅप्रॅक्सिया (बोलण्यासाठीच्या हालचालींची मेंदूकडून नीट आखणी न होणे) आर४८.२ असे कोड आहेत. काही प्लॅन एफ८० ची सगळी मालिकाच "विकासात्मक" म्हणून बाजूला टाकतात, त्यामुळे कोड दुरुस्त झाला की काम झाले असे समजू नका. आणि हे स्पष्टच सांगते: कोड अहवालातील निदानाशी जुळलाच पाहिजे. पैसे मिळावेत म्हणून नसलेले निदान लावायला कोणत्याही थेरपिस्टला सांगू नका.

थेरपीचा नेहमीचा कोड ९२५०७ असतो. २०१८ पासून त्याला ९६ हा जोडकोड लावून सेवा हॅबिलिटेटिव्ह आहे असे दाखवता येते आणि ९७ लावला तर ती पुनर्वसनाची ठरते. बिलिंग करणाऱ्यांनी सवयीने ९७ लावला, तर कंपनी विचारते की मुलाने गमावले काय? तेव्हा तेही तपासून घ्या.

आता उद्दिष्टांची भाषा. "मुलाचा वर्गातील सहभाग वाढेल, तो गोष्टीच्या वेळी प्रश्नांची उत्तरे देईल" असे अहवालात लिहिले, की तपासणाऱ्याच्या हाती "शैक्षणिक" हा शब्द आपण होऊन दिल्यासारखे होते. त्याऐवजी "सध्या मुलाला कुठे दुखते ते शब्दांत सांगता येत नाही, बारा आठवड्यांत तो शरीराचा भाग आणि वेदना मिळून दोन शब्दांचे वाक्य दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय वापरेल" असे लिहिले, तर त्याची वैद्यकीय गरज, मोजमाप आणि मुदत अशा तिन्ही गोष्टी एका वाक्यात येतात. प्रमाणित चाचणीचे गुण नुसते न देता त्यांचा अर्थही द्यायला सांगा. या चाचण्यांची सरासरी बहुधा १०० आणि प्रमाण विचलन १५ असते. ७८ च्या आसपास गुण म्हणजे शंभर समवयस्कांत जेमतेम सात मुले त्याच्या मागे आहेत.

घरी तुम्ही मराठी बोलत असाल, म्हणून आणखी एक. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही, हे या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. तरीही "घरी दुसरी भाषा आहे, थोडे थांबून पाहू" अशी नोंद बालरोगतज्ज्ञांच्या टिपणात राहून जाते आणि कंपनी नेमकी तीच उचलते. तसेच केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केलेल्या चाचणीचे गुण द्विभाषिक मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अडचण दोन्ही भाषांत दिसते, हे थेरपिस्टने तुमच्या मदतीने तपासून अहवालात नोंदवले, तर हा आक्षेप आधीच निकालात निघतो.

पानवेल:

शाळेबद्दल थोडेसे. तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन (लहान बाळांसाठीची सरकारी मदत योजना) आणि तीन वर्षांनंतर शाळेचा जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, ही आयडीईए या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याची रचना आहे. जिल्ह्याकडे लेखी मूल्यमापन जरूर मागा, ते फुकट असते. परंतु शाळेचा निकष "शिक्षणावर परिणाम होतो का" एवढाच असतो आणि थेरपी अनेकदा गटात, थोडा वेळ मिळते. ती मिळाली म्हणून वैद्यकीय थेरपीची गरज संपत नाही. जिल्ह्याने मुलाला अपात्र ठरवले, तर ते पत्र जपून ठेवा. "शाळेकडे जा" म्हणणाऱ्या कंपनीला ते जोडून पाठवता येते.

नीलांबरी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एचआरने प्लॅन सेल्फ-फंडेड असल्याचे कळवले. दाव्यावर खरोखरच आर६२.० आहे, अहवालात मात्र एफ८०.१ लिहिले आहे. प्लॅन डॉक्युमेंटमध्ये "शालेय संस्थेने दिलेल्या किंवा द्यावयाच्या सेवा" वगळल्या आहेत, पण विकासातील विलंबाबद्दल एक अक्षरही नाही. आता दावा दुरुस्त करून पाठवावा की थेट अपील करावे? आणि ऑटिझमची तपासणी करून घ्या, मग सगळे मंजूर होते, असे एका परिचितांनी सुचवले, त्याबद्दल काय वाटते?

रानजाई:

दोन्ही करा. दवाखान्याकडून दुरुस्त दावा जाऊ द्या, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नका, कारण दुरुस्त दाव्यामुळे १८० दिवसांचे घड्याळ थांबेल असे गृहीत धरता येत नाही.

ऑटिझमची शंका डॉक्टरांना किंवा तुम्हाला खरोखर असेल, तर तपासणी मुलासाठी करा, विम्यासाठी नको. निदान झाल्यास कायद्याची बाजू बळकट होते हे खरे आहे: पन्नासही राज्यांत ऑटिझमच्या उपचारांना विमा देण्याविषयी कायदे आहेत, पण ते तुमच्या प्लॅनला लागू होत नाहीत. २००८ चा मानसिक आरोग्य समानता कायदा मात्र सेल्फ-फंडेड प्लॅनलाही साधारणपणे लागू असतो आणि ऑटिझम त्याच्या कक्षेत येत असल्यामुळे भेटींच्या संख्येवरच्या मर्यादेला त्याखाली आव्हान देता येते.

सह्यवारा:

प्लॅनमध्ये ते वाक्य नाही, म्हणजे तुमचे अपील निम्मे लिहून झाले आहे. पत्र दोन पानांपेक्षा लांबवू नका. मुलाची हकिगत, आपली घालमेल हे सारे खरे असले, तरी तपासणारा फक्त कारण आणि उत्तर शोधत असतो. पहिल्या परिच्छेदात दावा क्रमांक, तारखा आणि नकाराचे वाक्य जसेच्या तसे द्या. मग साधारण असे लिहा: "विकासातील विलंबासाठीच्या थेरपीला वगळणारे कलम प्लॅन डॉक्युमेंटमध्ये नाही, असल्यास त्याचा पृष्ठ क्रमांक कळवावा. ही सेवा परवानाधारक स्पीच थेरपिस्टने बालरोगतज्ज्ञांच्या आदेशावरून दवाखान्यात दिलेली असून ती कोणत्याही शालेय संस्थेने दिलेली नाही." त्याखाली बालरोगतज्ज्ञांचे गरजेचे पत्र, सुधारित अहवाल, श्रवणचाचणी आणि प्रगतीच्या नोंदी जोडा. बालरोगतज्ज्ञ तयार असतील, तर कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलण्याची वेळ त्यांना मागून घ्यायला सांगा. पाच मिनिटांच्या त्या संभाषणात कधी कधी प्रकरण मिटते.

अपील पोचपावतीसह टपालाने पाठवा. फोन केलाच, तर तारीख, माणसाचे नाव आणि संदर्भ क्रमांक टिपून ठेवा.

थेरपी शक्य असेल तर चालू ठेवा, कारण खंड पडला की "गरज नव्हती" असा अर्थ काढला जातो. अपील प्रलंबित असेपर्यंत बिल वसुलीला पाठवू नये, अशी लेखी विनंती दवाखान्याला करा. बहुतेक दवाखाने ऐकतात. आठवड्याला दोनऐवजी एक भेट आणि घरी करायचा सराव, अशी तात्पुरती योजना थेरपिस्टशी बोलून ठरवता येते, पण ती पैशांअभावी आहे हे नोंदीत लिहून घ्या. एफएसए किंवा एचएसए (वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याचे) खाते असेल, तर त्यातून ही थेरपी भरता येते.

शेवटचे, आणि हे फार कमी लोक करतात: एचआरच्या लाभ विभागाला स्वतंत्र पत्र लिहा. पैसा नोकरदाराचा असल्यामुळे नियमाचा अर्थ कसा लावायचा याबद्दल तो प्रशासक कंपनीला सूचना देऊ शकतो, आणि पुढील वर्षाच्या प्लॅनमध्ये हॅबिलिटेटिव्ह थेरपी स्पष्टपणे घालणेही त्याच्याच हातात असते. पुढच्या वर्षीचे लाभ ओपन एनरोलमेंटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी दर वर्षी प्लॅन निवडण्याच्या काळाच्या, कितीतरी आधी ठरतात, तेव्हा ते पत्र अपिलाच्या निकालाची वाट न पाहता आत्ताच पाठवा.