60 लिटरच्या टाकीला कमी खर्चात कार्बन डायऑक्साइड कसा द्यावा?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. माझी माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण 60 लिटर पाणी बसतं. पाणी बोअरचं. पाण्यातल्या वनस्पती म्हणून व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला आणि थोडी रोटाला लावलीय. पंधराएक गप्पी आणि सहा निऑन टेट्रा आहेत. रोटालाची नवी पानं दिवसेंदिवस बारीक यायलीत, आणि व्हॅलिस्नेरियाच्या पानावरून बोट फिरवलं की चुन्यासारखं खरखरीत लागतं. बेळगावात सिलिंडरचा पूर्ण संच बघितला, किंमत ऐकून परत आलो. हजाराच्या आत काही जमेल काय? यीस्टच्या बाटलीनं मासे मरतात म्हणतात, ते खरं काय?

उत्तर (वडगाव, बेळगाव)

दादा, तुमच्या टाकीत गॅस कमी पडतोय हे त्या खरखरीवरूनच कळतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसला की व्हॅलिस्नेरिया बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेते, आणि चुना पानावर बसतो. रोटालाला ते जमत नाही, ती उपाशी राहते.

मी चार वर्षं यीस्टवरच टाकी चालवली, ते साखर खाऊन हाच गॅस सोडतं. कोल्ड्रिंकची 2 लिटरची प्लॅस्टिक बाटली घ्या. काचेची अजिबात नको, दाबानं फुटते. 400 ग्रॅम साखर, कोमट पाणी खांद्याच्या बरंच खाली राहील इतकं, आणि बेकरीत मिळतं ते कोरडं यीस्ट पाव चमचा. बस्स. यीस्ट जास्त घातलं तर गॅस जास्त दिवस मिळत नाही, पहिल्या चार दिवसांत सगळा उडून जातो. पाव चमच्यात दोन-तीन आठवडे निघतात, मग बाटलीत अल्कोहोल वाढून यीस्टच मरतं. आमच्याकडं गूळ मुबलक, म्हणून तोही घालून बघितला. इतका फेस आला की नळीतून टाकीपर्यंत गेला आणि पाणी दुधासारखं झालं. तेव्हापासून मध्ये अर्ध्या पाण्याची छोटी बाटली जोडतो. फेस तिथंच अडतो आणि बुडबुडेही मोजता येतात. तिच्यापुढं नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीचं पाणी उलटं येत नाही.

झाकणाला नळीपेक्षा किंचित बारीक भोक पाडा, नळीचं टोक तिरकं कापून आत घाला आणि पक्कडीनं ओढून घ्या. गच्च बसते. नळीचं दुसरं टोक फिल्टर जिथं पाणी ओढतो तिथं ठेवा, पंखाच बुडबुडे बारीक करतो.

आता मासे. होय, मरतात, माझे मेलेत. रात्री वनस्पतीसुद्धा ऑक्सिजनच घेतात आणि बाटली काही थांबत नाही. एप्रिलमध्ये विणायच्या मागाच्या खोलीत, पत्र्याखाली, मी घाईत चमचाभर यीस्ट घातलं. रात्री लाईट गेली, एअर पंप बंद. पहाटे बघतोय तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. अर्धं पाणी बदललं, तरी अकरा टेट्रा गेले. त्या दिवशी मी मागावर बसलोच नाही. तेव्हा रात्री एअर पंप लावाच, बॅटरीवर चालणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि ड्रॉप चेकर घ्या, पाण्यातला गॅस रंगानं दाखवणारी छोटी कुपी असते ती: निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे 30 पीपीएमच्या (लिटरला 30 मिलिग्रॅम) आसपास, पिवळा झाला की नळी काढा. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढं लक्षात ठेवा.

दोन बाटल्या करा, दुसरी आठवड्यानं सुरू करून टी-जोडानं जोडा. गॅस वरखाली होत राहिला तर शेवाळ धरतं.

उत्तर (उद्यमबाग)

कारखान्यातला वेल्डिंगचा सिलिंडर वापरायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर सांगतो. गॅस तोच, पण 25 अंशाला आत 60 बारच्या वर दाब असतो. चांगला रेग्युलेटर लागतोच, सिलिंडर उभाच ठेवायचा. स्वस्त रेग्युलेटर सिलिंडर संपत आल्यावर एकदम जास्त गॅस सोडतो, तेव्हा मासे जातात. हजारात हे बसत नाही.

उत्तर (निपाणी)

वडगावच्या मामांचं सगळं बरोबर, पण रात्री बंद करता येईल असं हवं असेल तर लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा बघा. दोन बाटल्या, दाबमापक आणि बारीक व्हॉल्व्ह असलेलं तयार झाकण मिळतं. दोन्ही 200-200 ग्रॅम घेतलं की 100 ग्रॅमच्या आसपास गॅस निघतो. सोड्याच्या बाटलीतला दाब उतरला की लिंबूसत्वाचं पाणी आपोआप तिकडं ओढलं जातं. मी दिवा लागायच्या तासभर आधी व्हॉल्व्ह उघडते, दिवा बंद व्हायच्या तासभर आधी मिटते. दिवा 8 तासच. उन्हाळ्यात यीस्ट उधळतं, ह्याला उकाड्याचा तसा त्रास नाही.

प्रश्नकर्ता (खानापूर)

मामा, अकरा टेट्रांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडंही पावसात लाईट रात्र-रात्र नसते, म्हणून ताईंचं झाकण मागवतोय. ते येईपर्यंत पाव चमच्याची एकच बाटली लावली. आज सकाळी छोट्या बाटलीत पहिला बुडबुडा आला. आता तीन सेकंदाला एक येतोय. चेकर अजून निळाच आहे.