फलकावर ‘धर्मांतर’ लिहायचं की ‘धम्मदीक्षा’? शब्दानं खरंच फरक पडतो का?

वाचनालय_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या छोट्या वाचनालयात दसऱ्याच्या आधी एक माहितीफलक लावायचा आहे, मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धर्मांतर केलं. त्यावर एक सभासद म्हणाले की ताई, ‘धम्मदीक्षा घेतली’ असं लिहा, आणि दुसरे लगेच म्हणाले की अहो एकच झालं ना, इंग्रजीत दोन्हीला कन्व्हर्जनच म्हणतात, उगाच शब्दाचा कीस कशाला. मग बराच वेळ वाद चालला आणि फलक तसाच राहिला.
मला मनापासून विचारायचंय. आपण जो शब्द वापरतो त्यानं धर्माबद्दलची आपली समजच बदलते, की हा फक्त समोरच्याचा मान राखायचा प्रश्न आहे? मान राखायला मी एका पायावर तयार आहे, पण मला समजून घेऊन लिहायचंय. आमच्याकडे शाळेतली मुलं येतात, ती फलक वाचून वहीत उतरवून घेतात.

इंदोरा_चौक
ताई, फरक पडतो आणि बराच पडतो. माझी आजी आयुष्यात कधी ‘आम्ही धर्म बदलला’ असं बोलली नाही, ती म्हणायची ‘बाबासाहेबांनी दीक्षा देल्ली तवा’. धर्मांतर म्हटलं की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष काय सोडलं याच्यावर जातं आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, का सोडला? दीक्षा म्हटलं की माणूस विचारतो, घेतलं काय? आणि घेतलं काय हे तर अगदी स्पष्ट आहे. कुशीनाराचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाऊन पाच शीलं पाळायचं ठरवलं, आणि मग समोर पांढरे कपडे घालून आलेल्या लाखो लोकांना बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा दिल्या.
आता प्रामाणिकपणे सांगायचं तर धर्मांतर हा शब्द काही विरोधकांनी चिकटवलेला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, तिथपासून पुढची वीसेक वर्षं सगळेच धर्मांतराची चळवळ असंच म्हणत होते, ते स्वतःही म्हणत होते. त्या काळाला तो शब्द बरोबर बसतो कारण तेव्हा सोडायचं ठरलं होतं, कुठं जायचं हे ठरत होतं. ५६ ला ते ठरलं.
आणि त्यांनी धम्म हा शब्द मुद्दाम धरला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या जाण्यानंतर १९५७ ला आला, त्यात रिलिजन आणि धम्म यांत फरक काय यावर वेगळं प्रकरणच आहे. तिथं ते म्हणतात की रिलिजन ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट मानतात, धम्म मात्र सामाजिक आहे, माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही पण दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्म लागतोच, आवडो न आवडो. मग सांगा, ज्याला हा अर्थ माहीत आहे त्याला ‘त्यांनी धर्म बदलला’ हे वाक्य अपुरं वाटणार की नाही?

निवृत्त_मास्तर
वरच्या प्रतिसादातलं बरंचसं पटलं, एक गोष्ट मात्र पटत नाही. धम्म आणि धर्म हा मुळात एकच शब्द, एक पालीतला एक संस्कृतातला. शब्दाच्या उच्चारात काही जादू नसते, लोक तो कशासाठी वापरतात त्यानं अर्थ घडतो. बाबासाहेबांनी धम्म शब्द निवडला कारण तोवर ‘धर्म’ शब्दाला फार काही चिकटून बसलं होतं.
पण हे चिकटलं कधी? आपल्या रोजच्या मराठीत बघा. शेजारधर्म म्हणतो तेव्हा शेजारी कोणत्या देवाला मानतो हे विचारत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात लोखंडाचे गुणधर्म असतात. धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना, दानधर्म. वाडीकडे नाहीतर कळमन्याकडे जा, माल भरलेला ट्रक जिथं तोलतात त्याला आजही धर्मकाटाच म्हणतात, कारण तिथं माप खरं मिळेल असा भरवसा. या सगळ्यात धर्म म्हणजे वागणं आहे, कर्तव्य आहे, एखाद्या गोष्टीचा मूळ स्वभाव आहे. आणि शाळेच्या दाखल्यावर ‘धर्म’ असा रकाना आला की तोच शब्द एकदम शिक्का होतो, एका माणसाला एकच, आणि तोही बहुतेक जन्मानंच. इंग्रजांनी १८७१-७२ मध्ये पहिली देशव्यापी जनगणना केली त्यात माणसं धर्मावर मोजली, तिथून हा रकान्यातला धर्म पक्का होत गेला असं माझं मत आहे. रिलिजनला प्रतिशब्द म्हणून आपण धर्म दिला आणि मग धर्मालाच रिलिजनच्या मापात बसवलं.
संविधानाच्या उद्देशिकेत बघा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं सेक्युलर शब्द आला, मराठीत आपण ‘धर्मनिरपेक्ष’ वाचतो आणि हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आहे. दोन भाषांत दोन शब्द, आणि त्यावरून वाद घालणारे घालतातच, कारण धर्माचा जुना अर्थ घेतला तर धर्मनिरपेक्ष म्हणजे कर्तव्य सोडलेला असं होईल आणि नवा घेतला तर काही अडचण नाही. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलं पहिल्यांदा जागी व्हायची.
अजून एक, क्रियापदांकडे लक्ष द्या. आपण धर्म पाळतो, देवाधर्माचं करतो, देव मानतो, उपदेश घेतो, दीक्षा घेतो. आमच्या शेजारी महानुभाव कुटुंब आहे, भेटल्यावर दंडवत प्रणाम म्हणतात. ‘तुम्ही कशावर बिलीव्ह करता’ असं त्यांना विचारलं तर ते चक्रधर स्वामींचं नाव सांगतीलच पण बोलणं लगेच काय पाळतो, काय खात नाही, कुठल्या देवाला हात जोडत नाही इकडे जाईल. इंग्रजीतून विचारलेला प्रश्न आपल्याकडचं निम्मं चित्रच पकडतो.

कामठी_लाईन
मास्तर तुम्ही भारी सांगितलं पण जे शब्द खरे टोचतात ते राहूनच गेले नं. ‘बाटला’. काऊन बाप्पा, माणूस स्वतःच्या मनानं ख्रिश्चन झाला, मुसलमान झाला, तर तो बाटला? म्हणजे आधी चांगला होता, मग घाण लागली. आणि कोणी परत आला की ‘शुद्धी’ झाली. या दोन शब्दांतच निकाल देऊन झाला, त्या माणसाचं ऐकायची गरजच नाही उरली. आमच्या इकडे म्हातारे लोक सहज बोलून राह्यले असतात, त्यांच्या मनात वाईट नसते, पण पोट्टे ऐकतात नं भाऊ, आणि त्यांच्या डोक्यात तेच बसते.
आता उलटी गोष्ट ऐका. माझी आई हिंदू, दर गुरुवारी उपास करते, आणि ताजबागला, ताजुद्दीन बाबाच्या दर्ग्यावर पण जाते. तिच्या तोंडी ताजुद्दीन बाबा, बाबाला नवस बोलली, नवस फेडला. शेजारची चाची त्यालाच मन्नत म्हणते. दोघी एकाच ऑटोनं जातात. तिला कोणी ‘तुम्ही इस्लाम मानता का’ विचारलं तर तिला प्रश्नच नाही समजणार, ती म्हणन मी बाबाले मानतो. तिचा शब्द नवस आहे म्हणून तिला तिथं परकं वाटतच नाही.

कचारगड_जत्रा
सर्वांना जय सेवा. मी गोंड आहे, मूळ गोंदिया जिल्ह्यातला, नागपुरात नोकरीला. आमची बाजू पण मांडतो.
आम्ही आमच्या वाटेला कोया पुनेम म्हणतो. आमच्या दैवताला पेन म्हणतात, आणि कोणतं घर किती देवाचं, सहा देवे की सात देवे, यावर सोयरीक ठरते. म्हणजे देव, नातं आणि लग्न एकाच धाग्यात आहे. हे नागपूर वसवणारे बख्त बुलंद शाह गोंड राजेच होते, तरी या शहरात मला लोक विचारतात तुमचा धर्मग्रंथ कोणता, संस्थापक कोण. मी पारी कुपार लिंगोचं नाव सांगतो आणि बाकी आमचं गाण्यात आणि जत्रेत आहे म्हणतो, तर समोरच्याला वाटतं की मग हा पूर्ण धर्म नाही, काहीतरी अलीकडचं आहे. इंग्रजांच्या जनगणनेत आम्हाला ॲनिमिस्ट लिहायचे, आता भलेपणानं ‘निसर्गपूजक’ म्हणतात. दोन्ही शब्द बाहेरून आलेले. माघ पौर्णिमेला कचारगडला या, तिथं जमलेल्या म्हाताऱ्यांना विचारा तुम्ही निसर्गपूजक का, ते म्हणतील आम्ही पेनाला आलो.
जनगणनेच्या फॉर्ममध्ये आमचा वेगळा रकाना नाही, म्हणून कोणी हिंदू लिहितं, कोणी इतरमध्ये गोंडी लिहितं, एकाच घरात दोन भावांचं वेगळं. मास्तर, तुमचा रकान्याचा मुद्दा आमच्यासाठी रोजच्या जगण्यातला आहे.

वाचनालय_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे दोनदा वाचलं. दादा, ‘निसर्गपूजक’ हा शब्द आमच्या मुलांच्या प्रोजेक्टच्या चार्टवर आहे, त्याखाली कोया पुनेम हे नाव लिहून घेते आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला मुलांशी बोलायला बोलावते, या नक्की.
फलकाचा मजकूर आता असा करतेय: ‘१९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.’ चालेल?

इंदोरा_चौक
चालेल ताई, पण एवढ्यावर थांबू नका. ‘घेतली आणि लाखो लोकांना दिली’ असं पाहिजे, नाहीतर मुलांना वाटेल एकट्या माणसाची गोष्ट आहे. जागा असेल तर २२ प्रतिज्ञा पूर्ण छापा, मुलं उतरवूनच घेणार असतील तर ते उतरवू द्या. आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला पण दीक्षा झाली ती ओळ राहू देऊ नका, आमच्या आईकडची सगळी माणसं तिथलीच आहेत.