जर्मन पासपोर्टवर लंडनमार्गे पुणे : मला, लेकीला आणि नवऱ्याला काय काय लागेल?

इसारकाठची
नमस्कार मंडळी. म्युनिकहून लिहितेय. मला नुकतंच जर्मन नागरिकत्व मिळालं, पासपोर्टही हातात आला. लेक चार वर्षांची, जन्मापासून जर्मन, पण तिचा किंडरराइजेपास (मुलांचा जर्मन पासपोर्ट) संपलाय. नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय, इथला कायम वास्तव्याचा परवाना आहे. डिसेंबरमध्ये आधी चार दिवस लंडनला नणंदेकडे आणि तिथून मुंबईमार्गे पुण्याला जायचंय. सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, ती चुकवायची नाही. तिकिटं अजून काढलेली नाहीत. तिघांना काय काय लागेल? आणि जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते, मग माझा भारतीय पासपोर्ट या खेपेला चालेल का?

टेम्सकाठ
आधी लंडनचं सांगतो. तुम्हाला आणि लेकीला व्हिसा नको, पण ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन काढायची परवानगी) लागेल. २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय पासपोर्टवाल्यांनाही तो काढावा लागतो. माणशी एक, तान्ह्या बाळालासुद्धा. त्याच महिन्यात फी १० वरून १६ पौंड झाली, भरताना आजची बघून घ्या. दोन वर्षं चालतो, पण पासपोर्ट संपला की तोही संपतो. म्हणून लेकीचा पासपोर्ट आधी, ईटीए नंतर. किंडरराइजेपास १ जानेवारी २०२४ पासून बंद झालाय, आता मुलांनाही मोठ्यांसारखाच चिपवाला राइजेपास (नेहमीचा जर्मन पासपोर्ट) मिळतो. नगरपालिकेची अपॉइंटमेंट आजच घ्या.

ब्रिटिश सरकारचं ॲप वापरा. पासपोर्ट टेबलावर ठेवून फोन त्यावर टेकवायचा आणि चिप वाचेपर्यंत हलवायचा नाही. माझ्या फोनचं जाड कव्हर काढल्यावरच वाचली. शोधल्यावर वर दिसतात त्या जाहिरातींच्या साइट मात्र टाळा. आमच्या ओळखीतल्या एकांनी तसल्या साइटवर कितीतरी पट पैसे भरले.

मांडवीतीर
पासपोर्टऐवजी नुसतं ओळखपत्र लंडनला चालेल का, ते मी सांगते. आमच्या गोव्यात पुष्कळांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत आणि त्यांचे नातलग इंग्लंडातल्या स्विंडनला राहतात. पूर्वी लिस्बनहून नुसत्या ओळखपत्रावर इंग्लंडात जाता यायचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते बंद झालं. तिथे राहायचा हक्क असलेल्यांना सवलत आहे, पाहुण्यांना नाही. तेव्हा पर्सोनालआउसवाइसवर (जर्मन ओळखपत्रावर) विसंबू नका.

आइंडहोवनचे काका
ताई, खरी अडचण तुमच्या यजमानांची आहे. बायको जर्मन, परवाना जर्मन, म्हणून लंडनला सोडतील असं वाटतं. तसं नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. आम्ही याच समजुतीत विमानतळावर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने माझा डच पासपोर्ट बघून परत दिला, हिचा भारतीय पासपोर्ट मात्र पुन्हा पुन्हा चाळत राहिली आणि शेवटी मान हलवली. बॅगा पट्ट्यावरून परत उतरवल्या. भाचीच्या लग्नाला मी एकटाच गेलो. ही घरी रडत होती, ते अजून विसरलेलो नाही.

व्हिसाला साधारण तीन आठवडे धरा, बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं. सुट्ट्यांच्या तोंडावर त्याहून जास्त धरा. वेळ जमत नसेल तर यजमानांनी म्युनिकहून थेट मुंबई गाठावी. भारतात जायला त्यांना काहीच लागत नाही.

फ्रँकफर्टकर
आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. भारतीय पासपोर्ट वापरू नका! २७ जून २०२४ पासून जर्मनीची हरकत नाही, पण भारताची आहे. परदेशी नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर त्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. तो वकिलातीत सरेंडर करा आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना व्हिसाविना भारतात येता यावं म्हणून मिळणारं कार्ड) तेच मागतात.

ओसीआय डिसेंबरपर्यंत हातात येईलच यावर तिकिटं काढू नका. या खेपेला दोघींचे वेगवेगळे ई-व्हिसा काढा. पासपोर्ट भारतात पोचल्यापासून निदान सहा महिने चालणारा हवा, दोन कोरी पानं हवीत. अर्ज निदान चार दिवस आधी करा. मी दोन आठवडे आधी करतो, फोटो परत मागितला तर धावपळ नको.

ओसीआय मात्र नंतर दोघींचा कराच. लेकीला सही येत नसेल तर अंगठ्याचा ठसा लागतो. आमच्या लेकीने शाई आधी गालाला लावली, मग कागदाला. पाचवा ठसा चौकटीत बसला. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत तिचा पासपोर्ट बदलला की प्रत्येक वेळी नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या साइटवर चढवायचा. त्याला पैसे पडत नाहीत, पण लोक विसरतात.

इसारकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून नवऱ्याला लगेच फोन केला. तो लंडन सोडून थेट मुंबईला जाईल, तेवढेच चार दिवस आईजवळ जास्त. लेकीच्या पासपोर्टसाठी मंगळवारची वेळ मिळाली आहे. माझा निळा पासपोर्ट वकिलातीत न्यायच्या पाकिटात घातला, घालताना मात्र भरून आलं. नणंदेला अजून सांगायचंय की भाऊ येणार नाही.